लावणीचा ताप अंगावर काढू नका

मृगाचा पाऊस पडून तरवा वर आला की कोकणातल्या घराघरात एकच घाई सुरू होते. आर्द्रा, पुनर्वसूत लावणी उरकली पाहिजे. गडी मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, पॉवर टिलर भाड्याने आणावा तर आपला नंबर चार दिवसांनी. अशा धांदलीत घरात कुणाला ताप आला तर आपण काय करतो, हे शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, आपणच आपल्याला विचारून पाहा.

पहिल्या दिवशी, "पावसात भिजलंय, जरा कसकस आसा." दुसऱ्या दिवशी मेडिकलवरून तापाची गोळी. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या एवढ्या दुखतात की बाजेवरून उठवत नाही. पण दिवसभर वाकून लावणी केली तर पोटऱ्या दुखणारच, असे म्हणून तेल चोळले जाते. चौथ्या दिवशी बाजारपेठेत जाऊन अंगदुखीचे एक इंजेक्शन. दोन तास बरे वाटते आणि माणूस पुन्हा चिखलात उतरतो. सहाव्या दिवशी डोळे पिवळे दिसतात, लघवी कमी होते. मग कुणीतरी काविळीचे झाडपाल्याचे औषध आणून देतो. सातव्या दिवशी रात्री गाडी शोधायची, ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा रुग्णालय, तिथून बांबोळी. घरात बाकीच्यांना कळतच नाही की परवापर्यंत तरवा काढणारा माणूस एकाएकी असा कसा झाला.

तो एकाएकी झालेला नसतो. सात दिवस लागलेले असतात. त्यातले पहिले तीन दिवस आपल्या हातात होते.

या तापाचे नाव लेप्टोस्पायरोसिस. आपल्याकडे नुसते "लेप्टो" म्हणतात. केरळात याला उंदीरताप अशा अर्थाचे नाव आहे आणि ते अधिक नेमके आहे. रोग जंतूंमुळे होतो. जंतू धाग्यासारखा बारीक, स्क्रूसारखा पिळलेला, आणि टोकाला आकड्यासारखा वळलेला. १९०७ साली एका अमेरिकन डॉक्टरने मूत्रपिंडाच्या तुकड्यात हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा तो त्याला प्रश्नचिन्हासारखा दिसला, म्हणून जंतूच्या नावातच प्रश्न विचारणारा या अर्थाचा शब्द आला. त्याआधी १८८६ साली जर्मनीत वाइल नावाच्या डॉक्टरांनी ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र असलेल्या रोग्यांचे वर्णन केले होते. कारण मात्र १९१५च्या सुमारास जपानमध्ये सापडले, तिथल्या कोळसा खाणीतल्या मजुरांत. खाण काय आणि भातशेती काय, ओल, उंदीर आणि उघडे पाय तिन्ही एकत्र आले की झाले.

हा जंतू येतो कुठून?

उंदीर आणि घूस यांच्या मूत्रपिंडात हा जंतू घर करून राहतो. उंदराला त्याचे काही होत नाही. तो आजारी पडत नाही, मरत नाही, पण जन्मभर मुतातून जंतू टाकत राहतो. भातशेतात उंदीर किती असतात हे तुम्हाला सांगायला नको. मेरेला बिळे पाडून पाणी सोडून देतात म्हणून तुम्ही त्यांना शिव्या घालता. पण नुकसान तेवढ्यावरच थांबत नाही. पहिल्या मोठ्या पावसात बिळे भरतात, उंदीर वर येतात आणि बिळातली, गोठ्यातली, उकिरड्यावरची सगळी घाण धुऊन कुणग्यात उतरते. ओल्या मातीत आणि गोड्या पाण्यात हा जंतू कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो. कडक ऊन आणि कोरडेपणा त्याला सोसत नाही, खारे पाणीही नाही. म्हणजे उन्हाळ्यात शेत तापते तेव्हा तो संपतो, आणि पाऊस पडला की पुन्हा नव्याने पेरला जातो.

उंदराबरोबर गाय, बैल, म्हैस, डुक्कर, कुत्रा यांच्या मुतातूनही हा जंतू बाहेर पडतो. गुरांत हा रोग असला तर दूध अचानक कमी होते, गाय किंवा म्हैस गाभडते. गाभडलेली वार आणि वासरू उघड्या हातांनी उचलण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडली पाहिजे. यात लेप्टो एकटाच नाही, ब्रुसेल्ला नावाचा दुसरा जंतूही याच वाटेने माणसाला लागतो. ब्रुसेल्लासाठी चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना सरकारी लस दिली जाते, ती पशुधन अधिकाऱ्यांकडे मागून घ्या. कुत्र्याला दरवर्षी जी एकत्रित लस टोचतात तिच्यात बहुधा लेप्टोचाही भाग असतो. टोचून घेताना विचारावे.

शरीरात हा जंतू शिरतो तो कापलेल्या, खरचटलेल्या, भेगाळलेल्या कातडीतून. आठ-आठ तास पाण्यात राहून कातडी पांढरी, मऊ पडते, तिच्यातूनही. शिवाय डोळ्यांत, नाकात, तोंडात उडालेल्या पाण्यातून. आता लावणीच्या बाईचे पाय पाहा. टाचांना भेगा, बोटांच्या बेचक्यात चिखल्या, आणि मेरेवरच्या काट्याने ओरबाडलेली नडगी. जंतूला आणखी दार कशाला हवे?

कुणाला जास्त धोका?

हा रोग घरात बसून होणाऱ्यातला नाही. तो कामाबरोबर येतो. लावणी, चिखलणी, बेणणी करणारे, गोठा साफ करणारे, म्हशी धुणारे, गटार आणि नाले काढणारे सफाई कामगार, गोड्या पाण्यातले मासे पकडणारे, खाटीक, या सगळ्यांना धोका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे १० लाख ३० हजार लोकांना हा रोग होतो आणि सुमारे ५८ हजार ९०० जण दगावतात. त्यात सर्वांत जास्त २० ते ४९ वयाचे पुरुष. म्हणजे नेमका घरातला कर्ता माणूस. कोकणात लावणीला बायका जास्त, त्यामुळे आपल्याकडे बायकांनी "हा पुरुषांचा रोग" म्हणून निर्धास्त राहू नये.

त्यातही ज्याचे यकृत दारूने आधीच खराब आहे, ज्याला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्याला हा रोग झाला तर सोसणे कठीण. गरोदर बाईला गर्भपाताची भीती असते. आणि दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारा मजूर, त्याचे एक दिवस घरी बसणे म्हणजे एक दिवसाची चूल. तो डॉक्टरकडे उशिरा येतो तो अडाणीपणाने नव्हे, हिशेबाने येतो. हे आरोग्य खात्याच्या पत्रकात कधी लिहिलेले नसते.

या हिशेबाविरुद्ध मजूर एकदा उठलेही आहेत. ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलँडमध्ये १९३४च्या सुमारास ऊसतोड मजुरांत हाच रोग पसरला. उसाच्या फडात उंदीर, खाली ओला पाला, आणि पात्यांनी कापलेले हातपाय. मजुरांनी मागणी केली की तोडणीआधी फड जाळा, म्हणजे उंदीर पळतील आणि ओल सुकेल. मळेवाल्यांना ते नको होते, जाळलेल्या उसाने नुकसान होते म्हणून. १९३५ साली याच मागणीवर मोठा संप झाला. आपल्याकडे पाचट जाळू नका असे सांगतात ते जमिनीच्या दृष्टीने बरोबरच आहे, आणि आपली तोडणी बरीचशी कोरड्या दिवसांत होते. पण रोगाचा प्रश्न मजुरीच्या प्रश्नासारखाच मांडून भांडता येतो, हे त्या मजुरांनी दाखवून दिले.

अंदमानची गोष्टही सांगण्यासारखी आहे. तिथल्या काळ्या पाण्याच्या कैद्यांत हा रोग असल्याचा अहवाल इंग्रज डॉक्टरांनी १९३१ सालीच छापला होता. पुढे तो सगळे विसरले. १९८८ नंतर उत्तर अंदमानात पावसाळ्यानंतर दरवर्षी रक्तस्राव होणारा ताप येऊ लागला, तेव्हा बरीच वर्षे त्याला "अंदमानचा रक्तस्रावी ताप" एवढेच म्हणत राहिले. नंतर कळले की हा तोच जुना रोग. दक्षिण गुजरातेत सुरत, वलसाड पट्ट्यात १९९४पासून भाताच्या आणि उसाच्या शेतांत तो येत राहिला. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी ओसरल्यानंतर लेप्टोचे रुग्ण रांगेने आले. केरळात २०१८च्या महापुरानंतर घरे धुवायला, चिखल काढायला गेलेले स्वयंसेवकही आजारी पडले. २०२१च्या जुलैमध्ये चिपळूणला काय चिखल होता तो आपण पाहिलाच आहे. पुरानंतर मदतीला जाणाऱ्या तरुण मंडळांनी हे ध्यानात ठेवावे: पाण्यात उतरतानाची जोखीम दिसते, चिखलातली दिसत नाही.

ओळखायचा कसा?

जंतू शिरल्यापासून ताप यायला साधारण पाच ते चौदा दिवस लागतात, क्वचित महिनाही. म्हणून ताप येतो तेव्हा लावणी संपलेलीही असते आणि शेताचा आणि तापाचा संबंध कुणी जोडत नाही. ताप एकदम चढतो, थंडी वाजते, कपाळ फुटेल असे डोके दुखते. कंबर आणि विशेषतः पोटऱ्या दाबल्या तरी सहन होत नाहीत. डोळे लाल होतात, पण डोळे आल्यासारखा चिकट पू येत नाही. ताप, पोटऱ्या आणि लाल डोळे, ही तीन एकत्र दिसली आणि माणूस गेल्या महिन्याभरात चिखलात किंवा गोठ्यात काम करत असला, तर थांबू नका.

फसवणूक अशी की दहातल्या नऊ जणांचा हा ताप आपोआप किंवा साध्या औषधाने उतरतो. त्यामुळे शेजारी सांगतो, "माका पण असोच ताप इलो होतो, चार दिवसांनी गेलो." खरेच गेला असेल. पण दहाव्याचा जात नाही. तो मध्ये एक-दोन दिवस उतरतो, मग पुन्हा येतो तेव्हा कावीळ घेऊन येतो, लघवी बंद पडते, नाहीतर खोकल्यातून रक्त येते. फुप्फुसात रक्त उतरले तर मोठ्या इस्पितळातही डॉक्टरांचे हात टेकतात. आणि पहिल्या दिवशी तो दहावा कोण, हे कुणालाच सांगता येत नाही.

औषध महाग नाही, ही यातली जमेची बाजू. पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन ही जुनी, स्वस्त औषधे या जंतूवर चालतात. आजार जोराचा असेल तर शिरेतून इंजेक्शने देतात. ती लवकर मिळाली पाहिजेत, एवढेच. रक्ताच्या तपासणीबाबत एक गैरसमज आहे. नेहमीची तपासणी रक्तातली प्रतिद्रव्ये शोधते आणि ती तयार व्हायलाच पाच-सात दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी केलेली तपासणी "निगेटिव्ह" आली म्हणून "लेप्टो नाय" असे समजून घरी जाऊ नका. डॉक्टरांनी अहवाल येण्याआधीच औषध सुरू केले तर ते बरोबरच करत आहेत, उगाच शंका घेऊ नका.

अंगदुखीची जोरकस इंजेक्शने आणि गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका. या रोगात मूत्रपिंड आधीच अडचणीत असते, त्यावर ही औषधे म्हणजे बुडत्याच्या गळ्यात जाते बांधणे. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पेज-पाणी आणि सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र.

पावसाळी ताप सगळेच लेप्टो नसतात, हेही खरे. डेंगी, मलेरिया आहेतच. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस २०१८ साली नागपूर भागात बराच गाजला. दोडामार्ग तालुक्यात २०१६पासून गोचिडीमुळे होणारा माकडताप आला. तो विषाणूचा, त्याला ही औषधे लागू नाहीत आणि त्याचा हंगाम उन्हाळ्याकडे झुकतो. कुठला ताप कुठला हे ठरवणे आपले काम नाही. आपले काम डॉक्टरांना शेताची हकीगत सांगण्याचे.

आधी काय करता येईल?

दर पावसाळ्यात पत्रक येते, "शेतात गमबूट व हातमोजे वापरावेत." लिहिणाऱ्याने एकदा गमबूट घालून चिखलणी केलेल्या कुणग्यात चालून दाखवावे. पाय वर येतो, बूट खाली राहतो. गोठा साफ करताना, गटार काढताना, म्हशी धुताना गमबूट जरूर घाला, तिथे ते चालतात. लावणीत ते चालत नाहीत हे मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

लावणीआधी पंधरा दिवस टाचांच्या भेगा भरून आणा. रोज रात्री पाय धुऊन, कोरडे करून कोकमाचे तेल कोमट करून लावण्याची आपल्या आज्यांची रीत होती, ती चांगली. जखम असेल तर पाणी न शिरणारी चिकटपट्टी लावूनच चिखलात उतरा, आणि जखम मोठी असेल तर दोन दिवस उतरू नका, मेरेवरची कामे करा. दुपारी जेवायला मेरेवर बसाल तेव्हा कुणग्याच्या पाण्याने हात धुऊन भाकरीला लावू नका. घरून पाण्याची कळशी आणि साबणाची वडी आणा. संध्याकाळी व्हाळात पाय बुचकळून घरी येणे म्हणजे धुणे नव्हे.

मग ती गोळी. डॉक्सिसायक्लिन आठवड्यातून एकदा, २०० मिलिग्रॅम, जोखमीचे काम चालू असेपर्यंत. पनामाच्या जंगलात सरावाला गेलेल्या ९४० अमेरिकन सैनिकांवर याची परीक्षा झाली, निकाल १९८४ साली छापून आला. ज्यांना खोटी गोळी दिली त्यांच्यात २० जण आजारी पडले, खरी गोळी घेणाऱ्यांत एक. आपल्या अंदमानात केलेल्या अशाच परीक्षेत जंतू शिरण्याचे प्रमाण फारसे घटले नाही, पण प्रत्यक्ष आजारी पडणारे जवळपास निम्मे झाले. म्हणजे गोळी कवच नाही, पण उपयोगी आहे. ती जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, घेऊन लगेच आडवे पडायचे नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका आणि आठ वर्षांखालची मुले यांना ती देत नाहीत. मेडिकलवरून मनाने आणून खाण्याची ही गोष्ट नव्हे. आरोग्यसेविका किंवा आशाताईंकडून, विचारून घ्या. "ताप नाय, मग गोळी कित्या?" असे म्हणून घरात फळीवर ठेवून देणारेही खूप आहेत. फळीवरच्या गोळीचा गुण येत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायतीसाठी

आता थोडे ग्रामपंचायतीकडे. गोळ्यांचे वाटप ऑगस्टमध्ये, पहिला रुग्ण दगावल्यावर सुरू होते असा अनेक गावांचा अनुभव आहे. मागणी मे महिन्यात नोंदवली पाहिजे. कुठल्या वाडीत किती जण लावणीला उतरतात ही यादी डॉक्टरांपेक्षा सरपंच आणि आशाताईंना जास्त ठाऊक असते. शेजारच्या गावातून रोजाने येणाऱ्यांची नावे कुणाच्याच यादीत नसतात, ती आवर्जून घाला.

उंदरांचा बंदोबस्त एकट्याने करून फुकट जातो. तुम्ही तुमच्या कुणग्यात आमिष ठेवले तर आठ दिवसांत शेजारच्या मेरेवरचे उंदीर तुमच्याकडे राहायला येतात. सगळ्या गावाने एकाच आठवड्यात करायचे, तेही लावणीआधी, बिळे मोजकी आणि खायला कमी असते तेव्हा. पहिल्या दिवशी सगळी बिळे बुजवा, दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील ती वापरातली. दोन-तीन दिवस बिनविषारी भरड द्या, उंदीर फार संशयी, सवय लागू दे. मग ९६ भाग भरड धान्य, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाईड, काठीने कालवून, बिळाच्या आत. हाताने कालवू नका, मुले, कोंबड्या आणि कुत्री लांब ठेवा. मेलेले उंदीर काठीने गोळा करून खोल पुरा. व्हाळात फेकून देणे म्हणजे केलेल्या कामावर पाणी. बाजारातला कुजका भाजीपाला आणि मच्छी मार्केटची घाण तशीच पडून असेल तर मात्र शेतात कितीही आमिष ठेवा, उंदीर वस्तीतून येत राहतील.

ग्राम आरोग्य समितीकडे अबंधित निधी येतो. साबण, चिकटपट्ट्या, सफाई कामगारांना गमबूट, हातमोजे, एवढे त्यातून बसू शकते. गटार काढणाऱ्या माणसाला अनवाणी उतरवणे तरी निदान यंदा बंद करावे.

आणि घरात कुणाला तसा ताप आलाच तर १०८ला फोन करायला लाजू नका. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्या, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसची वेळ आली तरी उपयोगी पडतात. आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे टाकू नका, पिशवीत घाला. गेल्या चोवीस तासांत लघवी किती वेळा झाली हे घरातल्या माणसाने लक्षात ठेवावे. डॉक्टर घाईत असतील, विचारणार नाहीत. तेव्हा पहिल्याच वाक्यात आपण होऊन सांगा की माणूस लावणीला होता, किती दिवस होता, आणि पायाला जखम कुठे आहे.